बाई कुठी उभी हाये?

लोहाऱ्यात संध्याकाळच्या वेळी कुणी तुम्हाला दारापुढच्या गाडीत, काचा वर करून, स्टिअरिंगपुढे बसवलं आणि "डोये मिटा" म्हटलं, तर घाबरू नये. मग तो कानाशी येऊन विचारेल, "बाई कुठी उभी हाये?" तेव्हाही घाबरू नये. गाडीत गाणं चालू असतं, बाई म्हणजे त्या गाण्यातली गायिका, आणि ती नेमकी कुठे उभी राहून गातेय ते तुम्ही बोटाने दाखवायचं असतं. बोट समोरच्या काचेच्या मधोमध, आरशाच्या वीतभर खाली न्यायचं आणि म्हणायचं, "हे काय, इथं." मग दार उघडतं, चहा येतो. बोट दुसरीकडे कुठे गेलं तर चहा लांबतो, स्टिरिओचं सेटिंग उघडलं जातं आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

या गृहस्थांना आपण भाऊ म्हणू. नाव सांगून उपयोग नाही, कारण ते एक नाहीत. दारव्हा रोडने यवतमाळ कुठे संपलं आणि लोहारा कुठे लागलं हे नवख्याला कळत नाही. त्या सगळ्या पट्ट्यात दर दोन-चार गल्ल्यांमागे एक भाऊ सापडतात. कोणी एमआयडीसीत पाळीवर जातात, कोणाचं कृषी केंद्र, कोणी शाळेत. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. गाडी बहुधा सेकंडहँड, एमएच २९, हप्ते चालू. इंजिनाचा आवाज बिघडलेला महिनोन्‌महिने चालतो, गाण्याचा बिघडलेला एक दिवस चालत नाही.

भाऊ घडले पोंग्याखाली. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे इकडचा सगळ्यात मोठा सोहळा. नऊ रात्री चौकाचौकात देवी, रोषणाई आणि खांबाखांबावर पोंगे. त्या वायरी सांभाळायला मंडळाला एक शाळकरी पोरगं लागतंच. बाकीची पोरं देवीकडे बघायची, भाऊ पोंग्याचं तोंड कोणीकडे आहे ते बघायचे. जमाना कॅसेटचा होता. मारुती ८०० मध्ये पुढे डेक आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन अंडाकृती स्पीकर हा तेव्हाचा थाट होता. त्या फळीने एक आख्खी पिढी गायकाकडे पाठ करून बसवली. समोर रस्ता, मागे मुकेश.

मग कंपन्यांनी स्पीकर पुढच्या दारात आणले. गायक मागून उठून पुढे आला खरा, पण बसला तो पायाशी. दारात मोठ्या स्पीकरला जागा असते ती खाली, पोटरीच्या पातळीवर. भाऊंनी पहिल्यांदा शोरूममध्ये गाडी पाहिली तेव्हा बरोबरचे लोक मायलेज विचारत होते. भाऊ आत बसले, गाणं लावलं आणि सेल्समनला म्हणाले, "सायेब, हे बाई माह्या गुडघ्यातून काहून गाऊन राह्यली?" सेल्समन पुण्याला ट्रेनिंग घेऊन आलेला. तो म्हणाला, "सर, टॉप मॉडेलला ट्विटर येतात, बारीक आवाजाचे वेगळे स्पीकर." टॉप मॉडेल आणि भाऊ यांच्यात लाख-दीड लाखाचं अंतर होतं. ते भाऊंनी हजार-दीड हजारात कापायचं ठरवलं, आणि तिथून ही कथा सुरू होते.

बाई गुडघ्यातून का गाते, हे भाऊ कोणालाही, कुठेही, न विचारता सांगतात. पंचाईत ही, की ते सांगतात ते खरं असतं. उजव्या दारातला स्पीकर कानापासून तीन फुटांवर, डाव्या दारातला साडेचार-पाच फुटांवर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे डावीकडचा आवाज उजवीकडच्यापेक्षा साधारण दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले दीड. एवढ्याशा उशिराने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ साली याच उशिरावर प्रबंध लिहिला. तोच आवाज दोन ठिकाणांहून आला तर कान आधी पोचलेल्याची दिशा धरतो. मागाहून आलेला नुसता जोर वाढवतो, त्याला पत्ता विचारत नाही. म्हणून सगळं गाणं उजवीकडे गोळा होतं.

आता ते खाली का, तर कानाची पाळी. आवाज वरून येतोय की खालून, हे पाळीच्या वळ्या ओळखतात, आणि त्या ओळखतात मुख्यतः बारीक आवाजांवरून. सहा-सात हजार हर्ट्झचा आवाज, ज्याची लाट जेमतेम पाच सेंटीमीटरची. असे आवाज सरळ जातात, वळत नाहीत, आणि दारातून निघाले की पोटरी, सीट नि पँट यांच्यात जिरतात. लोहाऱ्यात पँट म्हणजे जीन्स. इथे रेमंडचा डेनिमचा कारखानाच आहे. "आपुनच बनवतो अन्‌ आपलाच आवाज खाऊन राह्यली," भाऊ मांडीवर थाप मारून म्हणतात.

जाड आवाजाचं मात्र बरं असतं. साठ हर्ट्झची लाट पावणेसहा मीटरची, आणि गाडी चार मीटरच्या आतली. ती लाट गाडीत मावत नाही, मग ती कुठून आली हे कान काय सांगणार? तेव्हा ढोल दारातच राहू द्यायचा, फक्त वरचा आवाज उचलून डॅशबोर्डवर आणायचा. तिथे दोन्ही कोपऱ्यांत, काचेला लागून, तीन-साडेतीन इंची दोन लहान स्पीकर बसवायचे. वरचा आवाज वर गेला की कान फसतो आणि खालच्या ढोलालाही वर ओढून नेतो. सगळं स्टेज पायातून उठून नजरेसमोर येतं.

स्टेज हा भाऊंचा आवडता शब्द. त्या स्टेजचे मूळपुरुष अॅलन ब्लुमलाइन. लंडनला हा इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला. नट पडद्यावर चालत एका टोकाला गेला, आवाज मात्र होता तिथेच राहिला, आणि त्यावर मी उपाय काढतो, असं तो तिला म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट काहीही असो, स्टिरिओच्या पेटंटसाठी त्याचा अर्ज पडला तो १४ डिसेंबर १९३१ रोजी. आणि इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पहिल्या ग्राहकाच्या हाती दिली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. ही जुळणी भाऊंना सापडल्यापासून त्या तारखेला घरात जिलबी येते. वहिनींना पहिल्या वर्षी वाटलं लग्नाचा वाढदिवस लक्षात राहिला. तो मे महिन्यात असतो.

बसवण्याचा कार्यक्रम रविवारी. कार डेकोरवाल्याकडे गाडी न्यायची नाही, कारण तो "वायर कापते". भाऊ जुन्या एटीएम कार्डाने जाळी अशी उचलतात की ओरखडा पडत नाही. काचेच्या कडेच्या खांबावरच्या प्लास्टिकमागून वायर ओढायला वहिनींचं गोधडीचं दाभण आणि नायलॉनचा दोरा. मग येतो कपॅसिटर, यवतमाळच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आणलेला, सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचा. चार ओमच्या स्पीकरला तो जोडला की साडेआठशे हर्ट्झच्या खालचे आवाज हळूहळू अडतात. नाही जोडला तर तळहाताएवढ्या स्पीकरला ढोल वाजवावा लागतो, आणि तो संध्याकाळपर्यंत फाटतो. शेवटी पेन्सिल सेल. स्पीकरच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर लावायच्या. पडदा बाहेर उडाला तर जोड बरोबर, आत गेला तर उलटा. हे करताना भाऊ श्वास रोखून धरतात. एक बाजू सुलटी नि एक उलटी लागली तर बाई मधून नाहीशी होते आणि तिचा आवाज कुठूनच येत नसल्यासारखा सगळीकडून येतो. भाऊंच्या दृष्टीने यापेक्षा मोठी आपत्ती नाही.

याच वेळी एखादा शेजारी विचारतो, "भाऊ, पन्नास वॅटचा हाय ना स्टिरिओ?" भाऊ उठतात, बॉनेटवरच्या धुळीत बोटाने गणित मांडतात. चौदा पूर्णांक चारचा वर्ग, भागिले बे चोक आठ. सव्वीसच्या आत. "गाडीच्या बॅटरीवर याच्यावर जाऊच शकत नाई. खोक्यावर कायबी छापते." धुळीतलं ते गणित पुढचा पाऊस येईपर्यंत बॉनेटवर राहतं, म्हणून भाऊंची गाडी गावात लांबून ओळखू येते.

लहान स्पीकरच्या डब्यांत आवाज घुमू नये म्हणून कापूस भरावा लागतो. कापसाच्या जिल्ह्यात कापूस विकत आणायचा म्हणजे लाज. भाऊंनी वावरातून दोन मुठी आणला, सरकी काढायला मायपुढे ठेवला. माय ओट्यावर बसून सरकी काढत म्हणाली, "एवढ्यात दिवाळीपर्यंतच्या वाती झाल्या असत्या." डॅशबोर्डवर मग जुन्या जीन्स उसवून शिवलेली एक चटई आली, कारण स्पीकरचा आवाज काचेवर आपटून परत येतो आणि बाईचा चेहरा पुसट करतो. उरलेल्या जीन्स दारांच्या पत्र्यामागे गेल्या. हे काही भाऊंचं खूळ नव्हे. गाड्यांच्या गालिच्याखाली टाकाऊ सुती चिंध्यांचा नमदा असतो, आणि अमेरिकेत जुन्या डेनिमचा पिंजून केलेला थर घराच्या भिंतींत भरतात. हे कळल्यावर आपण अगदी योग्य गावात जन्मलो, अशी भाऊंची खात्री पटली.

अडचण आली ती गणपतीची. कळंबच्या चिंतामणीहून आणलेली छोटी मूर्ती गाडी घेतल्या दिवसापासून डॅशबोर्डच्या मध्यावर. भाऊंनी ती "रिफ्लेक्शन येते" म्हणून डावीकडे सरकवली. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला, पण वाढला गेला नाही. दोन दिवसांनी मूर्ती जागेवर परतली, खाली जीन्सचा तुकडा घालून. एकदा मायला पुढे बसवून भाऊंनी भजन लावलं. माय बराच वेळ हात जोडून बसली आणि मग म्हणाली, "गणपती गाऊन राह्यला रे." भाऊंच्या आयुष्यात त्यांच्या कामाला इतकी स्वच्छ पावती दुसऱ्या कोणी दिली नाही. पुढच्याच गाण्यात हेलनचा नाच लागला, तेव्हा मात्र मायने स्वतः हात लांब करून आवाज बंद केला.

तेव्हापासून पाहुण्यांचंही सोपं झालं. प्रश्न आला की लोक गणपतीकडे बोट करतात. उत्तर बरोबर येतं. भाऊ खूश होतात, आणि पाहुण्याला आवाज कळला की नुसती मूर्ती दिसली, या तपशिलात कोणी शिरत नाही.

खरं सांगायचं तर फरक पडतो. मी स्वतः ऐकलाय. आधी तबलजीचा उजवा हात काचेवर आणि डावा हात क्लचखाली, असा तो बिचारा ताणलेला असायचा. स्पीकर बसल्यावर तबला आणि डग्गा एकाच माणसापुढे आले. गाणारा बॉनेटवर मांडी घालून बसल्यासारखा वाटतो, आणि सारंगी त्याच्या डाव्या अंगाला. पण हे सगळं ज्या एका खुर्चीवरून दिसतं ती भाऊंची.

वहिनी डावीकडे बसतात. भाऊंनी स्टिरिओत उजवी बाजू दीड मिलिसेकंद रोखून धरली आहे, म्हणजे भाऊंच्या कानात दोन्ही आवाज एकदम पोचावेत. वहिनींना मुळातच डावा स्पीकर जवळ, त्यात उजवा मुद्दाम उशिरा. बाई थेट त्यांच्या खिडकीबाहेर.

"माह्या खिडकीतून काहून वरडून राह्यली ते?"

"तुही जागा चुकीची हाये."

"मंग चालवाले द्या."

या मुद्द्यावर भाऊंना नेहमी समोरून ट्रक येताना दिसतो. वहिनींकडे लायसन्स आहे, स्कूटरवर त्या रोज यवतमाळला जातात, पण भाऊंच्या मते त्यांची उंची स्टेजला जुळत नाही. पोरगं मागे बसतं, कानात इअरफोन घालून. मागच्या सीटचे स्पीकर भाऊंनी केव्हाच बंद केले, कारण ते स्टेज "मागं ओढते".

मे महिना आला की सेटिंग बदलतं. पंचेचाळीस अंशांत आवाज ३५८ मीटरने धावतो, तेव्हा उशीरही कमी हवा. फरक निघतो मिलिसेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याएवढा. तो ऐकू येत नाही, पण भाऊंना तो माहीत असतो, आणि माहीत असून गप्प बसणं त्यांना जमत नाही. त्यांच्या स्टिरिओत "उन्हाळा", "हिवाळा" आणि "पाहुणे" अशी तीन सेटिंगं आहेत. याच उन्हात डॅशबोर्डवरची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वितळते. एकदा दारव्ह्याकडे जाताना कडव्याच्या मध्यावर डावा स्पीकर सुटून वहिनींच्या मांडीवर पडला. बाई आवंढा गिळल्यासारखी उजवीकडे गेली. स्पीकर मांडीवर तसाच गात राहिला. वहिनींनी तो उचलला, खिडकीची काच खाली केली, आणि भाऊंनी ब्रेक मारला म्हणून तो वाचला.

तेव्हापासून स्क्रू. पण इथेही एक गोष्ट भाऊंच्या बाजूने सांगायला हवी. डावीकडे डॅशबोर्डवर जी चौकोनी रेघ दिसते तिच्याखाली एअरबॅग असते, नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून ती पुढच्या प्रवाशासाठीही सक्तीची झाली. त्या झाकणावर काहीही चिकटवलं तर धडकेच्या वेळी ते गोळीसारखं तोंडावर येतं. भाऊंनी डावा स्पीकर तिथून चार बोटं दूर, कोपऱ्यात नेला आणि त्यासाठी स्टेजची रुंदी सोडली. वहिनींसाठी त्यांनी केलेला हा त्याग वहिनींना अजून माहीत नाही.

भाऊंचे शत्रू ठरलेले. पहिले, डिकीत बेसट्यूब टाकून फिरणारी पोरं, ज्यांची गाडी येण्याआधी नंबरप्लेटचा खडखडाट येतो. भाऊ त्यांना "धबधब पार्टी" म्हणतात. ती पोरं भाऊंना काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना काही ऐकूच येत नाही. दुसरे, डीजेवाले. तिसरा शत्रू सगळ्यात जवळचा, दारव्हा रोडवरचा दुसरा भाऊ. त्याने स्पीकर डॅशबोर्डवर न बसवता खांबावर बसवले. दोघं एकमेकांच्या गाडीत बसतात, डोळे मिटतात, मान डोलावतात आणि उतरल्यावर आपापल्या बायकोला सांगतात, "त्याची बाई वाकडी उभी हाये."

मागच्या चतुर्थीला भाऊंनी एका निवृत्त गुरुजींना गाडीत बसवलं. गुरुजी गाण्यातले दर्दी. भाऊंनी डोळे मिटायला सांगायच्या आधीच त्यांनी मिटले होते. भाऊंनी प्रश्न विचारला. गुरुजींनी ओठावर बोट ठेवलं. गाणं पूर्ण झालं, असं त्या गाडीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. मग गुरुजी म्हणाले, "दुसरं लाव. जुनं."

भाऊंचा चेहरा पडला. पन्नास-साठ सालची ती गाणी सगळी मोनो. डावीकडे जे तेच उजवीकडे. लावली की अख्खा वाद्यवृंद आणि बाई गणपतीच्या पाठीमागे एका रांगेत उभे राहतात आणि बाकी स्टेज ओस पडतं. सिनेमाच्या आवाजाचं डावं-उजवं आपल्याकडे लोकांना खरं कळलं ते १९७५ च्या ‘शोले’त, नाणं पडल्यावर माणसं खुर्चीखाली वाकून बघायची म्हणतात. गुरुजींच्या आवडीचं सगळं त्याच्या आधीचं. भाऊंनी दोन-तीनदा नव्या रेकॉर्डिंगचं काहीतरी पुढे केलं. "सेपरेशन पाहा गुरुजी, गिटार कुठी, बाई कुठी." गुरुजींनी डोळे न उघडता हाताने ते बाजूला सारलं. जुनी गाणी चालू राहिली. भाऊ बाहेर उभे, आम्ही बाहेर उभे. भाऊंचा चहा दोनदा गरम झाला. गुरुजींच्या डोळ्यांच्या कडेला पाणी होतं, तरी भाऊ आम्हाला हळूच म्हणाले, "हाईट त्यायले कळली असन, पण रुंदी गेली न वाया."

इंजिन बंद, स्टिरिओ चालू, वर जोडीला अॅम्प्लिफायर. काळोख पडता पडता बाईचा आवाज घोगरा झाला, पडदा विझला. भाऊंनी हात आत घालून चावी फिरवली. आतून नुसती टक्‌ आली. दिवसाचं राहिलेलं कळंबचं दर्शन, वहिनी पूजेचं ताट घेऊन दारात. धक्का मारायचं ठरलं. गुरुजी उतरायला तयार नव्हते. म्हणाले, "स्टिअरिंगवर कोणीतरी पाहिजेच ना? तुम्ही लोटा." त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं.

आम्ही चौघं मागे लागलो. गाडी उतारावर हलली. भाऊ खिडकीशी धावत ओरडत होते, "दुसरा गिअर! अन्‌ म्हनलं का क्लच सोडा! क्लच!" काचा बॅटरीवरच्या, त्या खाली होईनात. दारांत तर भाऊंनी स्वतःच्या हाताने भरलेल्या जीन्स. आत काही पोचत नव्हतं. गुरुजींनी काचेतून भाऊंकडे समाधानाने पाहिलं, मान हलवली आणि बोट हवेत गोल फिरवलं. पुढचं लाव.